वासोटा नको, वर्धनगडाला ये

सातारा,
२३ जुलै

प्रिय नाना,

तुझा साडेचार मिनिटांचा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. बोलून उत्तर द्यायला गेलो की मला फाटे फुटतात, म्हणून कागदच घेतला. बाहेर पुष्याचा म्हातारा पाऊस लागलाय. जोरही धरत नाही आणि थांबतही नाही. दुकानात सकाळपासून दोन गिऱ्हाइकं आली, त्यातलं एक विसरलेली छत्री न्यायला. तेव्हा वेळच वेळ आहे.

आधी वाईट बातमी सांगून टाकतो. पंधरा ऑगस्टला जोडून सुट्टी घेऊन लेकासोबत कोयनेच्या जंगलातला वासोटा किल्ला करायचा तुझा बेत होणार नाही. पावसाळ्यात वासोटा बंद असतो, साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. तू म्हणशील, आपण गेलो तेव्हा कुठं होती असली बंधनं? अरे, तेव्हा तिथं व्याघ्र प्रकल्पच नव्हता, तो झाला २०१० साली. शिवाय आपण गेलो होतो फेब्रुवारीत, परीक्षेच्या तोंडावर. तेवढ्या कोरड्या दिवसांतही लाँचमधून उतरताना धरणाच्या काठच्या गाळात तुझी चप्पल रुतली ती रुतलीच. शिवसागराच्या पोटात असेल अजून. पुढं तो सगळा चढ तू एका पायात चप्पल आणि दुसऱ्याला माझा रुमाल बांधून चढलास, आणि बाबूकड्यावर पोचल्यावर म्हणालास, "रुमाल जास्त बरा होता."

आता तुझा खरा प्रश्न. "हल्ली तिकडच्या वाटा कशा आहेत?" मला असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, पावसाच्या कुठल्या नक्षत्रात? लोकांना वाटतं मी शिष्टपणा करतोय. पण गेली अकरा वर्षं एक वही ठेवलीय मी. डोंगरातून आलो की आंघोळीआधी दोन ओळी खरडायच्या. तारीख, नक्षत्र, वाट, पायाखाली काय होतं. फुलं, देखावे वगैरे काही नाही, फक्त पायाखालचं. त्यामुळं ती वही वाचायला अत्यंत कंटाळवाणी आहे आणि घरात तिला 'चिखलाची वही' म्हणतात.

सुरुवात एका गुराख्यामुळं झाली. मी त्याला विचारलं, वाट कशी आहे? "बरी हाय की!" पुढं गेलो तर गुडघाभर राड. परत येताना तो तिथंच उभा, मी कमरेपर्यंत माखलेला. म्हटलं, ही बरी? तो म्हणाला, "मग? मागल्या म्हैन्यात वाटच नव्हती." त्याचं बरोबर होतं. तेव्हापासून 'बरी', 'चांगली', 'खराब' हे शब्द मी वहीत लिहीत नाही.

एक नोंद जशीच्या तशी देतो: "मृग, दुसरा आठवडा. अजिंक्यतारा, चार भिंतींच्या वरची पायवाट. वर बोटभर ओलं, खाली खडखडीत. दोनदा बसलो." आणि त्याच वाटेची दुसरी: "पुष्य. घोट्यापर्यंत चिखल. एकदाही नाही." वाचून तुला उलटंसुलटं वाटेल, मलाही वाटलं होतं. पण बघ, जूनमध्ये मृगात उन्हाळ्याची तापून दगड झालेली जमीन असते आणि वर नुकती भिजलेली धूळ. कोरड्या लाकडी पाटावर लोणी फासावं तसं. बूट त्या थरासकट सरकतो, कारण खाली पकड घ्यायला काहीच नाही. पुनर्वसू संपेपर्यंत पाणी खोल मुरतं, मग पाय सरकायच्या आधी रुततो. रुतलेला पाय काढायला ताकद लागते, वेळ लागतो, पण माणूस पडत नाही. म्हणून नवशिक्यांना माझं सांगणं असतं, पहिल्या पावसाच्या मातीच्या वासावर भाळून उतारावर जाऊ नका. तो वास घरच्या गच्चीवर घ्या.

हे झालं मातीचं. दगडाचं गणित उलट आहे. जांभा सच्छिद्र आणि खरखरीत, मृगात ओला असला तरी पाय धरून ठेवतो. तोच जांभा ऑगस्टात आश्लेषा येईतो शेवाळतो. काळा कातळ तर विचारूच नको. गेल्या वर्षी आश्लेषात पाटेश्वरला गेलो होतो, देगावकडून. पायऱ्यांवर काळंहिरवं, काचेसारखं चमकणारं काहीतरी. मी बरोबरच्या पोरांना मोठ्या अधिकारानं सांगत होतो, "चमकतंय तिथं पाय ठेवायचा नाही," आणि सांगता सांगता ठेवला. माकडहाड. तीन आठवडे दुकानात रबरी ट्यूबवर बसून होतो. गिऱ्हाइकं विचारायची, काय झालं? ही आतून उत्तर द्यायची, "चिखलाच्या वहीत लिहिलंय."

जळवांचं तू विचारलंस, लेक घाबरतो म्हणून. कोयनेच्या बाजूच्या जंगलात आत्ता त्या ऐन भरात आहेत. दुखत मुळीच नाही, खरी भानगड ती सुटल्यावर. तिच्या लाळेतल्या द्रव्यानं रक्त लवकर गोठत नाही, त्यामुळं मोज्यात रक्त दिसतं आणि माणूस उगाच गर्भगळीत होतो. ओढून काढायची नाही. मीठ किंवा ओली तंबाखू लावली की आपोआप सुटते. तिकडचे लोक तंबाखूचं पाणी पायाला चोळूनच आत जातात. पण तुझ्या पोराला मी त्या बाजूला नेणारच नाहीये, तेव्हा हे प्रकरण इथंच मिटव.

एका गोष्टीवर मात्र तुझ्याशी भांडायचंय. मागच्या खेपेला आपण डोंगराच्या मागच्या अंगानं उतरत होतो आणि तू प्रत्येक चिखलाला वळसा घालून कडेच्या गवतातून चालत होतास. पांढऱ्या बुटांपायी. मी तेव्हा गप्प बसलो. आता सांगतो. ती वाट पूर्वी दोन माणसं कशीबशी शेजारून जातील एवढीच होती. चिखल टाळायला पहिला माणूस डावीकडून गेला, तिथलं गवत मेलं, तिथंही चिखल झाला. दुसरा त्याच्याही डावीकडून. आज ती जागा बैलगाडी फिरवता येईल एवढी रुंद आहे. गवताची मुळं गेली की माती धरायला कोणी उरत नाही, पाऊस तिथूनच पळतो आणि ओघळ पडतो. दोन पावसाळ्यांत त्या ओघळात मी गुडघ्यापर्यंत उभा राहिलोय. चिखल आला की मधून जायचं. बूट धुता येतात. परवा एका कॉलेजच्या ग्रुपला हे सांगायला गेलो, तर एक मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही वनखात्यात आहात का?" नाही म्हटलं. "मग?" ह्या 'मग?'ला माझ्याकडं उत्तर नव्हतं. पण तिनं जाताना चिखलातूनच पाय टाकला, हेही लिहून ठेवलंय.

कासचं तर ह्याहून नाजूक काम. पठारावर माती म्हणजे जांभ्यावर पसरलेला एक पातळ पापुद्रा, पाणी खाली जात नाही, वरच साचतं. त्या मातीत कस इतका थोडा की सीतेची आसवं नावाचं एवढंसं झाड पाण्यातले बारीक जीव पकडून पोट भरतं. सध्या डबक्यांत वायतुरा आलाय, दोन शिंगांसारखा फुटलेला गुलाबी तुरा. त्याच्या शास्त्रीय नावातही सातारा आहे, अपोनोजेटॉन सातारेन्सिस. तिथं आडवाटेनं एक पाय टाकला की त्या डबक्याचा तळ दाबला जातो. फुलांचा खरा बहर पाहायचा तर सप्टेंबरात ये, आणि आखलेली वाट सोडायची नाही.

पावसाळा सरतानाचं एक राहिलंच. लोक म्हणतात पाऊस थांबला, आता वाटा सुधारल्या. हस्ताच्या सरी संपल्या की चिखलात उमटलेले म्हशींचे खूर तसेच वाळून कडक होतात. वरून गवताची झूल पडलेली, खाली हे साचे. घोटे मुरगळण्याच्या माझ्या वहीतल्या पाचपैकी तीन नोंदी ऑक्टोबरच्या आहेत. मार्चनंतर घसारा सुरू होतो, मुरमाचे बारीक खडे, पाय ठेवला की गोट्यांसारखे घरंगळतात. माझ्या मते तो चिखलापेक्षा कपटी. चिखल निदान लांबून दिसतो.

तर मग ऑगस्टात कुठं? पूर्वेला. तू पुण्यात बसून सातारा म्हणजे सगळा धो धो पाऊस समजतोस. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, साताऱ्यात साधारण हजार, आणि माणमध्ये जेमतेम पाचशे. एकाच दिवशी एकाच जिल्ह्यात इकडं इरलं घेऊन लावणी आणि तिकडं आभाळाकडं डोळे. म्हणून आश्लेषा-मघात मी वर्धनगडाला जातो. पुसेगावच्या रस्त्याला, साताऱ्यातून तासाभराच्या आत. गाव पायथ्यालाच, चढ अर्ध्या तासाचा, वर वर्धनीमातेचं देऊळ. वाटेवर ओल असते, चिखल क्वचित. मागच्या मघातली नोंद आहे: "बुटाला माती लागली, बूट मातीला नाही."

घाटाच्या बाजूला मी सध्या जात नाही, त्याचं कारण गंमतीचं नाही. २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावला रात्रीतून दरडी आल्या, घरांसकट माणसं गेली. त्यानंतर माझा एक नियम झालाय. सलग तीन दिवस मुसळधार झाला की डोंगरउताराखालून जाणारी कुठलीच वाट नाही, मग ती वहीत कितीही चांगल्या नोंदींची असो. दगडमाती किती पाणी प्यायलीय ते वरून कळत नाही. तुझ्या येण्याच्या आधीच्या आठवड्यात असा पाऊस लागला तर वर्धनगडही नाही. मग दुकानात बसून भजी खाऊ.

वहिनींना सांग, पोराला नवे महागडे बूट घेऊ नका. इथं शेतावरची माणसं घालतात ते प्लास्टिकचे पावसाळी बूट बाजारात मिळतात, आत पाणी गेलं तर उलटं करून ओतून टाकायचं. मी आणून ठेवतो. काकूंचा गुडघा आता कसा आहे? त्यांच्यासाठी कंदी पेढे देईन बरोबर, आठवण कर, मी विसरतो. चौदाला रात्री निघालास तर वाईच्या अलीकडं फोन कर, जेवायला थांबतो.

तुझा,
अण्णा

ता. क. चिरंजीवांच्या पायाचा नंबर कळव. आणि तुझाही. ह्या वेळी दोन्ही पायांचा.