वेरूळपर्यंत आलो होतो

स्टुटगार्ट,
28 डिसेंबर, रविवार

तीर्थरूप अण्णा आणि आई यांस शिरसाष्टांग नमस्कार. आज्जीच्या पाया पडतो. दादा-वहिनींना नमस्कार, दोन्ही पोरांना पापा.

दादा, हे पत्र तुझ्या मोबाइलवर येईल, पण तू ते वाचून दाखवू नकोस. लातूरला जाशील तेव्हा जरा मोठ्या अक्षरात प्रिंट काढ आणि अण्णांच्या हातात दे. तू वाचताना मधलं मधलं गाळतोस, आणि ह्या वेळेस गाळण्यासारखं जरा जास्तच आहे.

मी बरा आहे. थंडी आहे, पण घरात हीटर आहे. आज्जीला सांगा, बाहेर पडताना कानाला बांधतो. जेवण वेळेवर असतं. फोटोत वाळलेला दिसतो म्हणता, पण तो कॅमेरा तसा आहे. वजन तीन किलोनी वाढलंय.

आता मूळ गोष्ट. आत्याच्या नणंदेचा मुलगा खोटं बोलला नाही. त्या शनिवारी संध्याकाळी संभाजीनगरला पाणचक्कीच्या हौदापाशी उभा होता तो मीच होतो. मी भारतात होतो, दोन आठवडे होतो, आणि तुम्हाला कळवलं नव्हतं. फोनवर आई "बरं" एवढंच म्हणाली आणि फोन दादाकडं दिला, तेव्हाच कळलं की आता पत्र लिहावं लागणार. समोरासमोर मला हे सांगता आलं नसतं. फोनवर तर मुळीच नाही.

पुण्याच्या ऑफिसात काम होतं. सोमवार ते शुक्रवार, सकाळी नऊ ते रात्री आठ, दोन्ही आठवडे. मधे एक शनिवार-रविवार मोकळा होता. दादा म्हणेल, पुण्याहून रात्रीच्या गाडीत बसला असतास तर सकाळी लातूर. मला माहीत आहे दादा, त्या गाडीनं मी पाच वर्षं कॉलेजला ये-जा केली. पण बरोबर माणसं होती. इथले दोघे माझ्याबरोबर आलेले, पुण्याच्या ऑफिसातला एक केरळचा आणि एक नागपूरची. इथल्या दोघांना अजिंठा-वेरूळ बघायचं होतं, आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. तुझंच गाव ना ते, म्हणाले. मराठवाडा म्हणजे माझं गाव, एवढंच त्यांना कळतं. मी तरी "हो, माझंच" कशाला म्हणालो कोण जाणे.

आणि आई, ती "गोरी पोरगी" म्हणजे आमची टीम लीडर. बावन्न वर्षांची आहे. तिची मुलगी मेडिकलला आहे. उन्हाला घाबरून तिनं टोपी आणि चष्मा घातलेला, त्यामुळं लांबून पोरगी वाटली असेल. नणंदेच्या मुलाला जवळ येऊन रामराम करायला काय झालं होतं? लांबून बघून थेट आत्याला फोन.

शुक्रवारी रात्री पुण्याहून गाडी केली. ड्रायव्हर केजकडचा निघाला. शनिवारी सकाळी वेरूळ. तिकिटाला आम्हाला 40 रुपये, त्यांना 600. इथला दुसरा जो आहे त्याचे आजी-आजोबा तुर्कस्तानातले. रंगरूपानं आपल्यातलाच वाटतो. दारावरचा माणूस त्याच्याशी हिंदीत बोलला आणि मला इंग्रजीत विचारलं, "विच कंट्री?" माझ्या जाकिटामुळं असेल. सगळे हसले, मीही हसलो.

चौतीस लेण्यांतली नऊच झाली. सुताराच्या झोपडीत, म्हणजे दहा नंबरात, सगळ्यांचा आवाज आपोआप खाली गेला. वर दगडात लाकडी वाशांसारख्या कमानी कोरल्यात. अण्णा, तुम्ही आमच्या जुन्या माळवदाचे वाशे मोजत झोपायचात ते आठवलं. मग कैलास. नववीच्या सहलीत आम्ही तिथं हत्तीपाशी लपाछपी खेळलो होतो, लेणं असं काही बघितलंच नव्हतं. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला, आठवं शतक, डोंगर वरून खाली कोरत आणला, आधी कळस आणि मग पाया, हे मी गाइडच्या आधीच सांगून मोकळा झालो. टीम लीडरनं एकच प्रश्न विचारला. सगळा दगड गेला कुठं? गाइड म्हणाला, दोन लाख टन निघाला म्हणतात. कुठं टाकला ते त्यालाही सांगता येईना. मला आपल्या विहिरीचा मलबा दिसायला लागला. चाळीस फुटांची विहीर, आणि त्याचा ढीग अजून बांधावर आहे, त्यावरनं शेजाऱ्याशी दर पावसाळ्यात भांडण. ह्यांनी डोंगर रिकामा केला आणि मागं ढीग दिसत नाही.

अर्धा तास मी कैलासाला प्रदक्षिणा घालत होतो. ते फोटो काढत होते.

आई, नंतर फोनवर तू दादाच्या मागून विचारलंस, "कैलास बघितलास का?" मी हो म्हणालो. तू म्हणालीस, "मी घृष्णेश्वराच्या रांगेतनंच परत आलते." हसत म्हणालीस. तेवढं सोडून मला सगळं सहन झालं.

तिथून दौलताबाद. त्याबद्दल काही लिहीत नाही. अंधारीत वटवाघळं होती आणि मी निम्म्या पायऱ्यांवरून परत फिरलो. वजनाचं मघाशी लिहिलंच आहे.

आता एक गोष्ट समजावून सांगतो, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. इथं जर्मनीत पाण्याची किंवा कोल्ड्रिंकची प्लास्टिकची बाटली घेतली की दुकानदार 25 सेंट जास्त घेतो, म्हणजे आपले पंचवीस-सव्वीस रुपये. डब्यालाही तेवढेच. बियरच्या काचेच्या बाटलीला 8. (मी दुसऱ्यांच्या बाटल्यांचं सांगतोय.) बाटली रिकामी झाली की फेकायची नाही. घरात पिशवीत साठवायची, दुकानात घेऊन जायची. तिथं भिंतीत एक मशीन असतं, त्याला गोल तोंड. एकेक बाटली आत सारायची, मशीन ती फिरवून फिरवून शिक्का बघतं, पसंत पडली तर गिळतं, नाही तर परत बाहेर ढकलतं. शेवटी चिठ्ठी येते, ती काउंटरवर दिली की पैसे परत. अण्णा, तुमच्या लहानपणी सोड्याच्या बाटलीला दुकानदार ठेव घ्यायचा, तसंच, पण अख्ख्या देशात आणि कायद्यानं. मोठमोठ्या पगाराची माणसं शनिवारी बाटल्यांच्या पिशव्या घेऊन रांगेत उभी असतात. सुरुवातीला मला लाज वाटायची. ज्याला नको असतील तो कचऱ्याच्या डब्यात टाकत नाही, डब्याशेजारी खाली नीट उभ्या करून ठेवतो, म्हणजे बाटल्या गोळा करणाऱ्या माणसाला डब्यात हात घालावा लागू नये. आणि मुख्य म्हणजे बाटली दाबायची नाही. दाबली, शिक्का चुरगळला, की मशीन घेत नाही. लहान पोरालाही हे माहीत असतं.

तर टीम लीडरनं दोन दिवसांत पाण्याची एकही बाटली टाकू दिली नाही. आपल्या बाटलीवर तर छापलेलंच असतं, वापरून झाल्यावर चुरगाळा. ड्रायव्हरनं सवयीनं एक पिळून मोडली तर बाई ओरडल्या, जसा काही त्यानं चिमणीचं पिल्लूच मारलं. मी तिला सांगितलं, इथं मशीन नाही. ती म्हणाली, मग बाटल्या जातात कुठं? दगड कुठं गेला आणि बाटल्या कुठं जातात, दोन दिवस हेच. रविवारी अजिंठ्याला जाताना डिकीत एकोणीस बाटल्यांची पिशवी खडखडत होती. शेवटी फुलंब्रीच्या अलीकडं एक भंगारवाला हातगाडी घेऊन चाललेला दिसला, तिनं गाडी थांबवायला लावली. त्यानं पिशवी हातानंच तोलली, तिच्याकडं बघितलं, आणि दहाची नोट काढून दिली. ती नोट आता इथं ऑफिसात तिच्या टेबलावर चिकटवलेली आहे. सगळ्यांना अजिंठ्याच्या फोटोंआधी ती दाखवते.

अजिंठ्याचं फार लिहीत नाही. फर्दापूरला गाडी सोडून त्यांच्या बसनं आत जावं लागतं, एक नंबरात पद्मपाणीच्या चित्रासमोर पाच मिनिटांत पुढं सरकायला सांगतात. वाघोरा नदीला पाणी होतं. नागपूरची तिथं कठड्यावर बराच वेळ बसून राहिली, तेवढंच सांगण्यासारखं.

पाणचक्कीचं राहिलं. खापराच्या नळांतून डोंगरातलं पाणी मैलोन्‌मैल आणून त्यावर जातं फिरवायचे, हे बघून तुर्कस्तानच्या आजोबांचा नातू फार खूश झाला. मी म्हटलं, आमच्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं. त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मोबाइलवर टँकरच्या गाडीचे फोटो दाखवले तेव्हा गप्प झाला. नेमकं तेव्हाच नणंदेच्या पोरानं बघितलं असणार, कारण मी हात वर करून गाडी किती लांब होती ते दाखवत होतो.

आता जे लिहायला इतका वेळ लागला ते. रविवारी संध्याकाळी परतताना बाकीचे झोपले होते, मी पुढं ड्रायव्हरजवळ. त्यानं विचारलं, "गाव कोणतं म्हणलाव?" मी सांगितलं. "औशाच्या अलीकडं? मग गावाकडं जाऊन आलाव का?" मी म्हणालो, हो, परवाच. त्यानं विचारलं, रान कसंय? मी म्हणालो, सप्टेंबरच्या पावसानं सोयाबीन गेलं, पण हरभरा बरा उगवलाय. हे सगळं दादानं फोनवर सांगितलेलं. तो म्हणाला, "शुक्रवारी येळवस, येळ अमावस्येचं रानातलं जेवण, थांबायचं होतं की." मी म्हणालो, सुट्टी नाही. एवढं मात्र खरं होतं.

त्या शुक्रवारी दुपारी पुण्यात मीटिंगमधे बसलो होतो. वहिनींनी ग्रुपवर रानातल्या कडब्याच्या कोपीचा फोटो टाकला, आंबिलीचा, भज्जीचा, उंड्यांचा. मी खाली लिहिलं, "इथं बर्फ पडतोय." पुण्यात बसून. ते पुसून टाकलंय, पण तुम्ही वाचलं असणार.

का आलो नाही, ह्याचं कारण कामाचं नव्हतं. आलो असतो तर दोन दिवसांत तुम्ही उदगीरला घेऊन गेला असता, पोहे झाले असते, आणि मी नाही म्हणू शकलो नसतो आणि हो पण. आणि अण्णांनी बँकेचं विचारलं असतं. मला दोन दिवस कुणी काही विचारू नये असं वाटलं. हे वाईट आहे, मला कळतं. पण मी चैन करायला गेलो नव्हतो. माझ्या वाट्याला एकूण 7,400 रुपये आले, सगळा हिशोब नागपूरच्या मुलीनं लिहून ठेवलाय.

पैशांचं. काल 80,000 पाठवलेत, मंगळवारपर्यंत खात्यावर दिसतील. दीड लाख म्हणालो होतो. इथं हीटिंगचं वर्षाचं बिल एकदम येतं आणि मी त्याचा अंदाज धरला नव्हता. उरलेले मार्चआधी नक्की. सोसायटीचं आधी भरा, माझं शिक्षणाचं कर्ज मी इकडून भरतोच आहे. दादा, त्यातले पाच हजार वहिनींचे आहेत, बियाण्यात घालू नकोस.

इथल्या कंपनीनं माझं तीन वर्षं वाढवून दिलंय. पगार थोडा वाढेल. सही पुण्यातच केली, त्या सोमवारी. अण्णा, तुम्ही "दोन वर्षं आणि परत" म्हणाला होतात ते लक्षात आहे.

उदगीरच्या स्थळाचा फोटो आणि पत्रिका बघितली. फोटोत नाव ठेवण्यासारखं काही नाही, मुलगी शिकलेली आहे, बँकेत आहे. पण तिला एकदा सरळ विचारा की तिची परमनंट नोकरी सोडून ती इथं बर्फात बाटल्यांच्या पिशव्या घेऊन रांगेत उभी राहणार आहे का. तिच्या वडिलांना नाही, तिला. तिचा नंबर पाठवलात तर मीच बोलेन. बोलेन म्हणजे बोलेन, बाकी काही ठरवू नका. आणि आई, नागपूरच्या मुलीचं ह्या पत्रात तीनदा आलंय हे तू मोजलं असशील. मोजू नकोस.

फेब्रुवारीत येतो. दहा दिवस, पैकी एक दिवससुद्धा पुण्यात नाही. ऊन वाढायच्या आत आपण वेरूळला जायचं, तू, अण्णा, आज्जीला जमलं तर आज्जी. कैलास खालच्या अंगणातच आहे, आत गेलं की फार पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. वर नाही गेलीस तरी हत्ती दिसतात. त्याच ड्रायव्हरला गाडीचं सांगून ठेवलंय. दिवस तुम्ही ठरवा, फक्त मंगळवार नको, मंगळवारी वेरूळ बंद असतं.

तुमचा,
धाकटा

ता. क. दादा, हे प्रिंटमधे येऊ देऊ नकोस. ड्रायव्हरला वाटतंय मी येळवशीच्या आधी घरी येऊन गेलो. गाडीत आईनं तो विषय काढला तर तू काहीतरी दुसरं बोल.