डिस्कोन अँटेनाच्या चुकीच्या जाहिरातीबद्दल तक्रार व रक्कम परत मिळण्याबाबत

पुणे
दिनांक : २१ जुलै २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय : स्कॅनरसाठी (वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी ऐकवणाऱ्या रेडिओसाठी) घेतलेला अँटेना संच जाहिरातीप्रमाणे नसल्याबाबत

महोदय / महोदया,

१४ जून रोजी मी आपल्या संकेतस्थळावरून डिस्कोन अँटेना (वर चकती आणि खाली शंकूसारख्या तिरक्या सळया असलेला), १५ मीटर केबल आणि बूस्टर असा संच ६,८५० रुपयांना घेतला. '२५ ते १३०० मेगाहर्ट्झ, सर्व बँडवर उत्तम रिसेप्शन' असं जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे. माल १९ तारखेला आला आणि २२ जूनला, रविवारी, आम्ही तो गच्चीवर चढवला. तेव्हापासून आपल्या ग्राहक सेवेशी मी चार वेळा फोनवर बोलले. चारही वेळा एकच उत्तर मिळालं : "मॅडम, अजून उंच लावा." तेही केलं. पाइप जोडून अँटेना गच्चीपासून पाच मीटरवर नेला. काडीचाही फरक पडला नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि माझ्याकडे हॅम म्हणजे हौशी रेडिओचा परवाना आहे. ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकावर जाणार म्हणून हा संच मुद्दाम घेतला होता. उड्डाण पुढे पुढे ढकललं जात होतं, तेवढ्यात आपली तयारी होईल असं वाटलं. स्थानकावरून हॅम रेडिओचा आवाज १४५.८०० मेगाहर्ट्झवर येतो. स्थानक साधारण ४०० किलोमीटर उंचीवरून जातं आणि मध्ये डोंगर-इमारती नसतात, त्यामुळे साध्या स्कॅनरवरही तो पकडता येतो. ४ जुलैला दुपारी शुक्ला बेंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रातल्या विद्यार्थ्यांशी बोलले, तेव्हा आठवीची नऊ मुलं माझ्या गच्चीवर प्लास्टिकच्या कागदाखाली दाटीवाटीने बसली होती. स्कॅनरमधून खरखर येत होती. मध्येच दोन तुटके शब्द आले आणि पुन्हा खरखर. एका मुलीने हळूच विचारलं, "बाई, ते बोलतायत का?" ते बोलत होते, पण आम्हाला ऐकू येत नव्हतं. दहा मिनिटांत स्थानक क्षितिजाखाली गेलं. ती वेळ काही पुन्हा येणार नाही.

त्या शनिवारी अँटेना खाली उतरवला आणि टेप लावून मोजला. शंकूच्या सळया ३८ सेंटिमीटर भरल्या. डिस्कोनमध्ये ही सळई सर्वांत खालच्या फ्रिक्वेन्सीच्या पाव तरंगलांबीएवढी लागते. ३८ सेंटिमीटरचा हिशेब २०० मेगाहर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे त्याच्या खाली हा अँटेना डिस्कोन म्हणून काम करूच शकत नाही. १४५ मेगाहर्ट्झसाठी निदान अर्ध्या मीटरची सळई हवी. आणि २५ मेगाहर्ट्झसाठी? तीन मीटरची! काही डिस्कोनना खालच्या बँडसाठी चकतीवर एक उभी काठी दिलेली असते. या संचात तीही नाही. डिस्कोन या प्रकाराला मी नावं ठेवत नाही. आपण विकलेला अँटेना मापातच कमी आहे, आणि तो कितीही उंच नेला तरी सळई लांब होत नाही.

अँटेनाकडच्या टोकाचा कनेक्टर फिरवून काढला तर आतून पाण्याचा थेंब ओघळला. तारांची जाळी हिरवी पडली होती आणि मधल्या पिनेला सोल्डरचा डाग दिलेलाच नव्हता, तार नुसती आत खुपसलेली होती. पुण्याच्या पावसात उघड्यावर राहणाऱ्या जोडाला ना रबरी टेप, ना साधी सूचना. शिवाय केबल आरजी-५८ या बारीक जातीची आहे. १४५ मेगाहर्ट्झला तिच्या १५ मीटरमध्ये जवळपास निम्मी शक्ती वाटेतच जाते. त्यावर आपला उपाय म्हणजे बूस्टर, आणि आपल्या पत्रकात तो स्कॅनरच्या बाजूला लावायला सांगितलं आहे. केबलमध्ये जे हरवलं ते तिथे परत कसं मिळणार? तिथे फक्त खरखर मोठी होते. पुण्यात एफएम केंद्रांचे सिग्नल तगडे. बूस्टर लावल्यावर १४५ वर विविध भारतीचं गाणं फाटक्या आवाजात ऐकू येऊ लागलं. बूस्टर घ्यायचाच तर तो वर, अँटेनापाशी, आणि त्याच्या आधी एफएम अडवणारा फिल्टर असावा लागतो.

तुलनेसाठी मी ४९ सेंटिमीटरची तांब्याची उभी तार आणि खाली तिरक्या चार तारा असा अँटेना घरीच बनवला. तोच पाइप, तीच केबल (पिनेला डाग देऊन, जोड टेपने बंद करून), बूस्टर मात्र काढलेला. १३ जुलैला हडपसरच्या एका हॅम मित्राने ५ वॅटवर बोलून पाहिलं. आपल्या अँटेनावर सिग्नल दाखवणाऱ्या मीटरच्या दोन काड्या आल्या, घरच्या तारेवर पाच. सगळं सामान चारशे रुपयांच्या आत आलं.

संचाचे पूर्ण ६,८५० रुपये परत करावेत आणि परत पाठवण्याचा खर्च आपण सोसावा, ही माझी मागणी आहे. जाहिरातीतला '२५ मेगाहर्ट्झ' हा आकडाही काढून टाकावा, नाहीतर माझ्यासारखं आणखी कोणी तरी फसेल. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तसं झालं नाही तर मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे जाईन.

सळयांना टेप लावून काढलेले फोटो, कनेक्टरचे फोटो आणि बिलाची प्रत सोबत जोडली आहे. केबल कापलेली नाही. संच मूळ खोक्यात भरून ठेवला आहे. कुरिअरचा माणूस संध्याकाळी पाचनंतर पाठवावा, दिवसा मी शाळेत असते.

आपली,
एक ग्राहक