शोभे, लिंबाला दिवा आणलाय

मिनियापोलिस,
25 जानेवारी

प्रिय शोभे,

फोन न करता लिहायला बसले, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. आणि ही गोष्ट इथं सांगू कुणाला? घरात सांगितली तर म्हणतात, एक झाडच ना, नर्सरीतून दुसरं आणू. तब्येती ठीक. माझं बीपी गोळीवर, यांची पाठ जशीच्या तशी.

बाबांनी लावलेलं लिंबू झडलं गं.

पिवळं पडून, एकेक पान करत नाही. हिरवीगार, चांगली जाड पानं, हात लागला की टपटप खाली. आणि देठ फांदीवरच! पातं गळतंय, देठ तसाच उभा. ते काट्यांमधले नुसते देठ बघितले आणि तुमच्या नदीकाठची ती वाळत गेलेली झाडांची ओळ डोळ्यांपुढे आली. तिथं डिंक्या होता, खोडातून डिंक गळायचा, मुळं सडली होती. म्हणून आधी माती बाजूला करून मुळं बघितली. पांढरी आहेत, सड नाही. मग स्वयंपाकघरातला थर्मामीटर मातीत खुपसला. खोलीत 20 अंश, कुंडीत 11.

तिथंच सगळं कळलं. बाहेर उणे 24, कुंडी काचेला लागून. लिंबूवर्गीयाचं मूळ 12-13 अंशांच्या खाली गेलं की पाणी ओढणं खूप कमी करतं. वरून दक्षिणेच्या खिडकीतलं ऊन थेट पानावर. पान तापून पाणी मागतंय आणि खाली मूळ गारठून बसलंय. झाडाने पान टाकायचं नाही तर काय करायचं!

नोव्हेंबरात मी दिव्याचं काढलं होतं तेव्हा तू काय म्हणालीस आठवतं? "दिवा काहून लावते बाप्पा, ताण समज अन् पाणी तोड." त्यावरून आपण अर्धा तास भांडलो. मी अजून माझ्याच म्हणण्यावर आहे. अंबिया बहाराचा ताण तू देतेस, फुलासाठी बागेचं पाणी तोडतेस, तेव्हा वरुडात डिसेंबरातही पावणेअकरा तासांचा दिवस असतो, तोही लख्ख. नवती म्हणजे नवी फूट थांबलेली, पान मात्र अन्न बनवतंय, ते फांदीत साठतंय. मग पाणी देऊन ताण तोडला की फूल. इथं 21 डिसेंबरला दिवस पावणेनऊ तासांचा, सूर्य समोरच्या घराच्या छपरावरून सरपटत जातो, आणि जे येतं ते दुहेरी काचेतून. हा ताण नाही शोभे, ही उपासमार आहे. अकोल्याला शेतकी कॉलेजात प्रॅक्टिकलच्या वहीत तूच मला हा फरक समजावून दिला होतास, आता फिरू नकोस.

दुसरा मार्ग गार जागी झोपवून ठेवण्याचा. युरोपात तेच करायचे. व्हर्सायला 1680 च्या दशकात बांधलेली ऑरेंजरी अजून उभी आहे, संत्र्याच्या कुंड्या हिवाळाभर आत. पण त्या संत्र्याला जे चालतं ते आपल्या कागदी लिंबाला चालत नाही, भावंडांत ते थंडीला फार नाजूक. म्हणजे त्याला ऊबही हवी आणि उजेडही. एकच दिलं की ते असं झडतं.

म्हणून दिवा. आणि दिवा निवडताना माझं डोकं पिकलं, ते ऐक.

दुकानात बल्बवर लुमेन लिहिलेले असतात. लुमेन हे माणसाच्या डोळ्याचं माप, झाडाला त्याचा उपयोग नाही. झाडाचं माप वेगळं, प्रकाशाचे कण मोजायचं, त्याला मोल म्हणतात. पानाच्या एका चौरस मीटरवर सेकंदाला किती मायक्रोमोल प्रकाश पडतो ते एक, आणि दिवसभरात एकूण किती मोल मिळाले ते दुसरं. तुला ठिबकच्या भाषेत सांगते. ड्रिपर ताशी किती लिटर सोडतो हे पहिलं, झाडाला दिवसाला किती लिटर पोचलं हे दुसरं. झाड जगतं दुसऱ्यावर. लिंबाला फळ धरायचं तर दिवसाला निदान 20 मोल हवेत. पानापाशी 400 मायक्रोमोल आणि 14 तास दिवा, की गणित बरोबर 20 वर येतं. याच्या निम्म्यावर झाड तगेल, पण नुसतं लांबट होत जाईल. आणि तुझा स्वभाव मला माहीत आहे, लगेच म्हणशील दुप्पट लाव. लिंबूवर्गीयाचं एकेकटं पान 600-700 च्या पुढे फारसं काही घेत नाही, तेव्हा नको.

मग वॅट. पॅनेलवर 1000 असं ठळक छापलेलं, आणि प्लगला मीटर लावला तर ओढतंय 100. तो आकडा नुसता नावाला असतो. खरं बघायचं ते भिंतीतून किती वॅट घेतं आणि दर वॅटमागे किती मायक्रोमोल देतं. अडीचच्या वर देणारा दिवा चांगला. पहिला मागवला होता त्याच्या खोक्यावर हा आकडा कुठेच नव्हता, तो परत पाठवला.

रंगावरून इथल्या मराठी मंडळात मोठी चर्चा झाली. एक काका हटून बसले, जांभळाच घ्या, झाडाला लाल आणि निळाच लागतो. मॅक्री नावाच्या शास्त्रज्ञाने 1972 मध्ये 22 पिकांवर मोजून दाखवलंय की पान हिरवा प्रकाशही चांगला वापरतं. पण मी पांढरा घेतला तो त्याहून साध्या कारणासाठी. जांभळ्या उजेडात पान काळं दिसतं. जस्त कमी पडलंय की लोह, शिरा हिरव्या आहेत की पिवळ्या, कोळी कीड पडलीय का, काही म्हणजे काही कळत नाही. ज्या उजेडात झाड बघता येत नाही तो घेऊन करायचं काय?

आता मांडणी अशी. 100 वॅटचं पांढरं पॅनेल, शेंड्यापासून दीड फुटावर. फोनवरच्या ॲपने पानापाशी लक्स मोजले, 27 हजार. पांढऱ्या एलईडीला त्याला 65 ते 70 ने भागायचं, साधारण 400 मायक्रोमोल येतात. कुंडी काचेपासून लांब, लाकडी स्टुलावर, खाली रोपवाटिकेतली गरम चटई. माती आता 19 अंशांवर असते. सकाळी सहाला दिवा लागतो, रात्री आठला टायमरने बंद. हो, बंद! झाडालाही रात्री अंधार लागतो, जे तुला होस्टेलमध्ये कधी पटलं नाही. महिन्याला 42 युनिटं जळतात, म्हणजे सहा-सात डॉलर. यांनी हिशेब ऐकला आणि गप्प बसले.

पण खरी गोष्ट बाबांची आहे. तुला माहीत आहे ते किती दिवस इथं राहिले आणि त्यांचा वेळ कसा जायचा नाही. दुकानातून मेक्सिकोची लिंबं आणली, कापताना म्हणाले, हे तर आपलं कागदी! बिया धुतल्या, सावलीत वाळवल्या, दह्याच्या डब्यात टोचल्या. आता झाड माझ्या खांद्याला लागतं. डॉक्टरांनी त्यांना पुन्हा विमानात बसायला मनाई केलीय. दर रविवारी व्हिडिओवर पहिला प्रश्न, "लिंबू दाखव." गेले दोन रविवार मी नेटवर्क नाही म्हणून सांगितलं. त्यांना नुसत्या काड्या दाखवायचं माझ्याच्यानं होत नाही. त्यांनी वरुडची स्वतःची बाग तोडताना बघितलीय, शोभे, तू होतीस ना तेव्हा बांधावर.

आता बातमी. परवा वरच्या दोन डोळ्यांतून नवती फुटली. तांबूस, तांदळाएवढी. आणि एका ठिकाणी मला नवती नाही, कळी वाटतेय. टोक पांढरट, जरा गोल. पान झडल्यावर, ऊब मिळाल्यावर फुलणं लिंबाच्या स्वभावात आहे, पण पानंच नाहीत तर फळाला पोसणार कोण? माझं मन म्हणतं खुडून टाक, आधी पालवी येऊ दे. बाबांचा विचार आला की हात थांबतो. तू सांग. रोपवाटिकेत पहिल्या बहाराच्या कळ्या तू खुडतेस की एखादी ठेवतेस? आणि वेळ मिळाला तर बाबांकडे एकदा जाऊन ये. झाडाचं तूच सांग त्यांना, तुझ्यावर त्यांचा विश्वास आहे. मी सांगितलं तर रात्रभर झोपणार नाहीत.

तुझ्या मृग बहाराच्या फळाला भाव काय मिळाला? व्यापारी आले का? पिंकीच्या लग्नाची तारीख ठरली की लगेच कळव, तिकीट महाग होतं. गुडघ्याचं मनावर घे, ट्रॅक्टरवर चढणं बंद कर. आईंना नमस्कार.

कळीचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकते. रविवारच्या आत उत्तर दे.

तुझी,
मंजू