सात लाव्यांचे पत्र

लंडन

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर बाबांनी विचारले, की तू दिवसभर नेमके काय करतेस, आणि मी 'वाचते' एवढेच सांगून विषय बदलला. ते उत्तर नंतर माझे मलाच टोचत राहिले, म्हणून आज सविस्तर लिहिते.

अभ्यासक्रमाचा निम्मा भाग ग्रीस आणि रोमचा आहे. त्याविषयी फार लिहीत नाही. कोल्हापूरच्या टाऊन हॉलच्या संग्रहालयात बाबांनी मला ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती दाखवली होती. तो समुद्रदेव आता वरचेवर पुस्तकांतून भेटतो, इतके सांगितले की पुरे. माझे मन रमले आहे ते इजिप्तमध्ये, आणि तिथेही पिरॅमिडांत नव्हे, तर मातीच्या एका वाडग्यात.

हा वाडगा आमच्या विद्यापीठाच्याच पेट्री संग्रहालयात आहे. तिथल्या सुमारे 80,000 वस्तूंमध्ये तो सहज नजरेतून सुटेल, इतका साधा आहे. जवळजवळ 4,000 वर्षांपूर्वी कौ या ठिकाणी शेप्सी नावाच्या माणसाने त्यावर शाईने आपल्या आई-वडिलांना दोन पत्रे लिहिली, एक आतल्या बाजूस आणि दुसरे बाहेरच्या. आई, पुढचे वाक्य अभद्र मानू नकोस: त्या वेळी दोघेही हयात नव्हते. मृतांना अन्न अर्पण करण्याच्या भांड्यावरच मजकूर लिहिला, की जेवायला येणाऱ्याच्या दृष्टीस तो पडेलच, असा त्यामागचा हिशोब असावा. पितृपक्षात पान वाढणाऱ्या आपल्या घराला हा हिशोब समजावून सांगायला नको.

चित्रलिपी दगडावर कोरायची. शाईने भराभर लिहिताना तिचे जे मोडते रूप होते, त्याला हायरॅटिक म्हणतात. आजोबांच्या ट्रंकेतील मोडीचे कागद आठवा, म्हणजे कल्पना येईल. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, स्वर लिहिलेलेच नसतात आणि ओळ उजवीकडून डावीकडे जाते. आधी एकेक खूण ओळखून तिचे चित्रलिपीत रूप लिहायचे, मग उच्चार जुळवायचा आणि शेवटी अर्थाकडे वळायचे. घुबड म्हणजे 'म', लाव्याचे पिल्लू म्हणजे 'व'. ॲलन गार्डिनर यांच्या 1927 सालच्या व्याकरणातील खुणांची यादी सतत उशाशी असते, आणि तरीही एका ओळीला कधी अख्खी दुपार जाते. (हीच पत्रे त्यांनी कुर्ट झेटे यांच्यासह 1928 साली प्रसिद्ध केली, त्यामुळे उत्तर मागे छापलेले असूनही ते न पाहता गणित सोडवावे, तसे माझे चालते.)

शेप्सीचे गाऱ्हाणे असे, की त्याला त्रास होतो आहे, मुले कष्टी आहेत, आणि या साऱ्यामागे त्याचा मेलेला भाऊ सोबेकहोतेप आहे. या भावाला त्यानेच परगावाहून आणून, वस्त्र देऊन, आपल्या माणसांत पुरले होते. तरीही तो उलटला. आईपाशी तक्रार करताना शेप्सी आधी जुनी आठवण काढतो: तू मला लावे खायला आण म्हणालीस, मी सात लावे आणले आणि तू ते खाल्लेस. मग लगेच विचारतो, की तुझ्यादेखत माझे असे हाल होत असतील, तर तुला पाणी कोण घालणार? या वाक्याला पुस्तके विनंती म्हणतात; मला तर ती सरळसरळ धमकी वाटते, आणि आईला अशी धमकी फक्त लाडका मुलगाच देऊ शकतो.

वर्गात 'पाणी घालणे' याचा अर्थ समजावून सांगायला आमच्या प्राध्यापकांना बराच वेळ लागला. मी मात्र तेवढा वेळ खाली मान घालून बसले होते. इतक्या दूर राहणाऱ्या मुलीने त्या वाक्याकडे नुसते व्याकरण म्हणून कसे पाहावे?

प्रबंधासाठी हाच वाडगा घ्यायचे मी ठरवले आहे. बाबा, ट्रंकेतील मोडी कागदांपैकी एखाद्या पानाचा फोटो सवडीने पाठवावा. मला दोन्ही वळणे शेजारी ठेवून पाहायची आहेत. आई, तू सांगितलेली निळी लोकर घेतली आहे. सात गुंडे म्हणाली होतीस, पण त्या रंगाचे चारच मिळाले. दिवाळीला येताना घेऊन येते.

तुमची,
धाकटी