रविवारची बैठक : शर्यतीला कोणत्या गाड्या घ्यायच्या?

सर्व सभासदांना नमस्कार.

रविवारी विंटेज शर्यतीचे वर्ग ठरवायचे आहेत. कोणत्या गाडीला विंटेज म्हणायचं यावरून ग्रुपवर झालेली खडाजंगी पाहता, येण्यापूर्वी एवढं वाचून या.

ब्रिटनमधला १९३४ साली स्थापन झालेला विंटेज स्पोर्ट्स-कार क्लब १९३० पर्यंतच्याच गाड्यांना विंटेज म्हणतो. १९३१ ते १९४० मधल्या निवडक गाड्यांसाठी त्यांचा वेगळा वर्ग आहे. इंग्लंडमधल्या गुडवुड रिव्हायव्हल या जुन्या गाड्यांच्या शर्यत-महोत्सवाने मात्र तिथल्या मूळ सर्किटवर शर्यती होत तो काळ धरला, १९४८ ते १९६६. मला हे पटतं, कारण तिथे तारखेमागे इतिहास आहे. आपल्याकडे २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी विंटेज ठरते. पण तो नियम नोंदणीसाठी आहे. शर्यतीला तोच लावला तर दरवर्षी नव्या गाड्या आत येत राहतील.

वर्षापेक्षा अवघड प्रश्न सुट्या भागांचा. १९५५ ची बॉडी, नंतर बसवलेले डिस्क ब्रेक आणि आजचे टायर, हिला कुठल्या वर्गात घालणार? आंतरराष्ट्रीय ऐतिहासिक शर्यतींसाठी एफआयएची (मोटार शर्यतींची जागतिक संघटना) 'अपेंडिक्स के' ही नियमावली आहे. गाडी त्या काळी होती तशीच असावी, हे तिचं सूत्र. सुरक्षेसाठी रोल बार (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारी दांडी), सीट बेल्ट यांना विरोध करू नका, ही विनंती. रेप्लिकांवर, म्हणजे जुन्या गाड्यांच्या नव्याने बनवलेल्या प्रतिकृतींवर, वेगळं मतदान घेऊ, नाहीतर बैठक तिथेच अडकेल.

शुक्रवारपर्यंत गाडीचं वर्ष, चासी नंबर, इंजिन नंबर आणि बॉनेट उघडून काढलेला फोटो सचिवांना पाठवा. फक्त पुढून काढलेले फोटो चालणार नाहीत.