सूचना : वैद्यकीय इच्छापत्राची बैठक, अंबाजोगाई

सभासदहो,
येत्या रविवारी सकाळी ९ वाजता आपल्या नेहमीच्या सभागृहात वैद्यकीय इच्छापत्रे भरायची आहेत. बरे होण्याची आशा नसताना व्हेंटिलेटर लावायचा की नाही, हे शुद्धीत असतानाच लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये याला मान्यता दिली. २०२३ पासून दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते. न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे लागत नाही. नोटरी वकील हजर असतील.

- आधार कार्ड आणावे.
- आपण शुद्धीत नसताना उपचारांचा निर्णय ज्यांच्यावर सोपवायचा, त्यांना सोबत आणाच. लेकरं पुण्या-मुंबईला असतील तर आधी फोनवर सविस्तर बोलून घ्या. आयसीयूच्या दारात भावंडांची भांडणं होतात ती न बोलल्यामुळेच.
- कुणाच्या आग्रहाखातर सही करू नका.

– सचिव