पाळणाघर बंद, फी मात्र पूर्ण

महोदय,

माझी सव्वादोन वर्षांची मुलगी घराजवळच्या पाळणाघरात असते. गेल्या महिन्यात ते चालवणाऱ्या काकूंना सासूबाईंच्या आजारपणामुळे अचानक गावी जावं लागलं. निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री उशिरा आला, तो मी पाहिलाच नाही. सकाळी साडेसातला एका हातात डबा आणि कपड्यांची पिशवी, कडेवर पोरगी, समोर कुलूप! ११ दिवस ते तसंच. ४ दिवस माझी रजा, ३ दिवस नवऱ्याची, उरलेले ४ दिवस शेजारच्या ताईंकडे, रोजचे ४०० रुपये देऊन. महिनाअखेरीस काकूंची फी मात्र पूर्ण.

काकूंवर राग नाही. जागेचं भाडं आणि मदतनीस बाईंचा पगार त्यांनाही चुकत नाही. मे महिन्यात आम्ही गावी होतो, तेव्हाची फी मी बिनबोभाट दिली होती. पण सुट्टी आमची असो वा त्यांची, भुर्दंड आम्हालाच, हे पटत नाही. वर्षातून ठरावीक दिवस भरपगारी, पुढचे वजा, एवढं प्रवेशाच्या वेळी कागदावर यायला काय हरकत आहे?

मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक केली. आमच्या ऑफिसात आम्ही ३२ जण. आणि ५० असतो तरी डोंबिवलीहून सकाळच्या फास्ट लोकलला लेकरू घेऊन चढायचं कसं?

– एक नोकरदार आई, डोंबिवली (पूर्व)